कंदमुळांचा बाजार आणि बेण्याचा प्रश्न

गोव्यातील कंदमुळांना नवी बाजारपेठ मिळवून द्यावी, हे आता जवळजवळ सर्वांना पटलेले दिसते. शेतीविषयक कार्यक्रमांत ते बोलले जाते, पर्यटन व्यवसायातील मंडळी स्थानिक खाद्यसंस्कृतीचा विषय निघाला की त्यांचा उल्लेख करतात, आणि दिवाळीच्या आगेमागे काणकोणच्या चावडीवर किंवा बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारात काटेकणगी, झाडकणगी, चिरके, करांदे, माडी आणि सुरण यांचे वाटे मांडले की शहरातून आलेली माणसेही ते आवडीने घेतात. या पिकांना अधिक चांगला भाव मिळावा, ती अधिक घरांत पोचावीत, या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र ती पुरी करण्याची जी वाट सुचवली जाते तिच्यात क्रम उलटा लागला आहे, असे मला वाटते. आधी ग्राहक शोधायचा, मग माल वाढवायचा, आणि बेण्याचा व जमिनीचा प्रश्न नंतर सवडीने पाहायचा, असा हा क्रम आहे. कंदपिकांच्या बाबतीत तो चालणार नाही, कारण येथे बाजारात विकायचा माल आणि पुढच्या वर्षी लावायचे बेणे ही एकच वस्तू असते.

भात किंवा नाचणीच्या शेतकऱ्याला ही अडचण फारशी जाणवत नाही. एका दाण्यापासून शेकडो दाणे निघतात, पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी पिकाचा अगदी लहान हिस्सा बाजूला ठेवला तरी भागते, आणि तो पोत्यात किंवा कोठारात महिनोन्महिने टिकतो. कंदाचे तसे नाही. परसातल्या सुरणाचे उदाहरण घ्यावे. बाजारात ज्याची फोड तराजूवर पडते तो मोठा गड्डा एका पावसाळ्यात तयार होत नाही. जुन्या पद्धतीत गड्ड्याला फुटलेली लहान पिल्ले लावायची, वर्षाअखेर उकरून पुन्हा लावायची, असे तीन-चार हंगाम केल्यावर तो विकण्याजोगा होतो. एका हंगामात पीक घ्यायचे झाले तर प्रत्येक आळ्यात अर्धा किलोच्या आसपास वजनाचा तुकडा पुरावा लागतो. काटेकणगीला एका वेलाखाली कंदांचा घोस लागतो खरा, पण त्यातलाही चांगला हिस्सा बेण्यासाठी राखावा लागतो.

काणकोणातल्या खोतीगावच्या बाजूला एका वेळीप या आदिवासी समाजातल्या कुटुंबाच्या अंगणात ही निवड होताना मी पाहिली आहे. काटेकणगीच्या बुंध्याभोवती काटेरी मुळांचे जाळे असते, तेच रानडुकरांपासून तिचे थोडेफार रक्षण करते. ते बाजूला करून कंद काढेपर्यंत हात ओरबाडून निघतात. काढलेल्या ढिगासमोर घरातली वयस्क बाई बसली होती. कुदळीचा घाव लागलेले कंद तिने त्याच दिवशी उकडण्यासाठी वेगळे केले, लांबट आणि मोठे विक्रीच्या टोपलीत टाकले, आणि मध्यम आकाराचे, साल शाबूत असलेले, डोळ्यांची बाजू भरीव असलेले कंद माती न झटकता तिसऱ्या टोपलीत ठेवले. ती टोपली माळ्यावर कोरड्या गवतात जाणार होती आणि पावसाच्या तोंडावर खाली उतरणार होती. झाडकणगीची आणि करांद्यांची बेणी वेगळी बांधलेली होती. काही बेणे तिच्या माहेरचे होते, काही शेजारणीशी अदलाबदल करून आणलेले. गोव्यातील कंदमुळांची जनुकीय संपत्ती म्हणून ज्याचा गौरव केला जातो ती अशा माळ्यांवर साठवलेली असते, आणि तिच्या संवर्धनाचा सगळा खर्च ती कुटुंबे एकट्याने सोसत आली आहेत.

आता या अंगणात एखादा व्यापारी पौषात आला आणि त्याने नेहमीच्या दुप्पट भाव देऊ केला, तर काय होईल? घरात औषधपाण्याची किंवा मुलांच्या शिक्षणाची नड असेल तर तिसरी टोपलीही विकली जाईल. त्यात त्या कुटुंबाला दोष देता येणार नाही. पण पुढच्या जूनमध्ये लावायला बेणे नसेल, आणि असे एका वाड्यावर दहा घरांत झाले तर त्या वाड्यावरचा एखादा प्रकार कायमचा जाईल. तो दापोलीच्या किंवा तिरुवनंतपुरमच्या संशोधन संस्थेतून मागवता येणार नाही, कारण तो तेथे नाहीच.

ही भीती कल्पनेतली नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात चार हजार मीटरच्या वरच्या थंड पठारांवर माका नावाचे मुळ्यासारखे कंदमूळ होते. शतकानुशतके ते हुनिन आणि पास्को भागांतील डोंगरी शेतकऱ्यांचे अन्न होते. शक्तिवर्धक म्हणून त्याची जगभर ख्याती झाली, अमेरिकेत त्याच्या अर्कांवर पेटंटे घेतली गेली, आणि त्यावरून पेरूमध्ये मोठा रोष उसळला. प्रक्रिया न केलेले माका देशाबाहेर नेण्यास पेरूने बंदी घातली होती. तरीही २०१४ च्या सुमारास चिनी खरेदीदार रोख पैसे घेऊन थेट गावांत उतरले, भाव कित्येक पटींनी चढले, आणि मालाबरोबर बियाणेही सीमेपलीकडे गेले. चीनच्या युन्नान प्रांतात माकाची मोठी लागवड उभी राहिली. एक-दोन वर्षांत भाव कोसळले. चढत्या भावाच्या भरवशावर कर्ज काढून लागवड वाढवलेल्या पेरूच्या शेतकऱ्यांच्या पदरी काय पडले असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. बाजारपेठ मिळाली होती, जागतिक मिळाली होती. तिच्याआधी मिळायला हवी होती ती शेतकऱ्यांची संघटना, बेण्यावरचा ताबा आणि भाव पडले तर तग धरण्याची सोय.

या उदाहरणावरून काही निसर्गप्रेमी मंडळी असा निष्कर्ष काढतात की कंदमुळांना बाजारापासून दूरच ठेवावे, ती घरच्या खाण्यापुरती राहू द्यावीत. मला तो निष्कर्ष मान्य नाही. बाजारात न गेल्यानेही पिके मरतात, फक्त त्यांच्या मरणाची बातमी होत नाही. डोंगरउतारावर झाडोरा साफ करून आळी खणायची, वेल चढवायला काठ्या रोवायच्या, आठ-नऊ महिने रानडुकरे आणि साळींदरे यांच्यापासून राखण करायची, आणि एवढे करून हातात येणारा पैसा शहरातल्या एका महिन्याच्या पगाराएवढाही नसेल, तर पंचविशीतला मुलगा हे काम का करील? तो वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाईल किंवा टॅक्सी चालवील. आई आहे तोवर माळ्यावरची टोपली भरेल, आणि तिच्यानंतर बेणे कोणते, कुठून आले, कोणत्या उताराला मानवते, हे सांगणारे कोणी उरणार नाही. भाव मिळाला पाहिजे, आणि तो या पिढीत मिळाला पाहिजे. म्हणूनच कोणत्या बाजाराला आधी हात घालायचा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

दूरच्या बाजाराची स्वप्ने पाहणाऱ्यांनी नायजेरियाचा अनुभव लक्षात घ्यावा. आपल्याकडे कोकणात ज्याला घोरकंद म्हणतात त्याच्याच कुळातील कंद तेथे मुख्य अन्न आहे, आणि जगातील एकूण उत्पादनाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा त्या एका देशाचा आहे. २०१७ मध्ये नायजेरियाने मोठा गाजावाजा करून युरोप-अमेरिकेकडे या कंदांची निर्यात सुरू केली. थोड्याच महिन्यांत अमेरिकेला गेलेला माल कुजलेल्या अवस्थेत पोचल्याच्या बातम्या आल्या. ज्या देशात हे पीक पिढ्यान्पिढ्या घेतले जाते, जेथे त्याचा स्वतंत्र सण साजरा होतो, त्या देशाला हे साधले नाही, कारण कंदाची वाहतूक हे धान्याच्या वाहतुकीपेक्षा निराळे शास्त्र आहे. कंद जिवंत असतो. काढताना झालेल्या जखमा उबदार, दमट हवेत काही दिवस ठेवून भरू द्याव्या लागतात, नाहीतर त्यांतून बुरशी शिरते. बटाट्याप्रमाणे त्याला शीतगृहात ठेवता येत नाही. तापमान साधारण बारा अंशांच्या खाली गेले की उष्ण प्रदेशातला हा कंद आतून काळा पडू लागतो. आणि दोन-तीन महिन्यांची त्याची झोप संपली की तो कोंभ काढतो, मग त्याची चवही जाते आणि वजनही. आपल्याकडील शीतगृहांची साखळी बटाटा, मासळी आणि फळे डोळ्यांपुढे ठेवून उभी राहिली आहे. कंदमुळांना लागणारी हवेशीर, सावलीची, उंदरांपासून सुरक्षित साठवणघरे गावपातळीवर कमी खर्चात बांधता येतील, परंतु कोणत्याही योजनेत त्यांना अजून स्थान दिसत नाही.

गोव्याच्या बाबतीत मुळात इतक्या दूर जाण्याचे कारणही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या चौदा लाख अठ्ठावन्न हजारांच्या घरात होती, आणि वर्षाला एक कोटीच्या आसपास पर्यटक येथे येतात. एवढ्या तोंडांसाठी लागणारी भाजी मुख्यतः बेळगावहून येते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सीमा बंद झाली तेव्हा पहिल्या काही दिवसांत भाजीसाठी लोकांची जी तारांबळ उडाली ती कोणी विसरलेले नाही. त्या वेळी स्वावलंबनाच्या पुष्कळ घोषणा झाल्या. फलोत्पादन महामंडळाची विक्रीकेंद्रे गावोगाव आहेत, सवलतीच्या दरातली भाजी घेण्यासाठी तेथे रोज रांगा लागतात, आणि तरीही ऐन हंगामात काणकोणची कणगी पणजीतल्या त्या केंद्रावर हक्काने मिळेल अशी व्यवस्था अजून झालेली नाही. घराजवळची बाजारपेठ मोकळी पडली असताना परदेशातल्या ग्राहकाची चर्चा करणे मला अप्रस्तुत वाटते.

या जवळच्या बाजाराला गोव्यात एक तयार आधार आहे आणि त्याचे नाव खतखते. सणासुदीला, देवळातल्या समाराधनेला, श्राद्धपक्षाला केला जाणारा हा पदार्थ कंदांच्या विविधतेवरच उभा असतो. सुरण, कणगी, चिरके, माडी, रताळे, त्यांच्या जोडीला कच्ची पपई, मुळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, वर ओल्या नारळाचे वाटप, थोडा गूळ, आंबटपणाला सोले आणि शेवटी ठेचलेली तिरफळे. प्रत्येक कंद वेगळ्या वेळाने शिजतो, कोणी विरघळून रस दाट करतो, कोणी अखेरपर्यंत फोड टिकवतो. एकाच प्रकारचा कंद पाच पट घातला तर ते खतखते होत नाही. पण आज पर्वरीत किंवा मडगावात सदनिकेत राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला ते करायचे असेल तर पाच ठिकाणांहून पाच कंद आणावे लागतात, सुरणाची किलोभर फोड घ्यावी लागते, आणि अर्धे फुकट जाते. परिणामी खतखते चवथीपुरते उरले आहे आणि एरवी बटाटा शिजतो. (बटाटा परका आणि म्हणून वाईट, असे मी म्हणत नाही. खतखत्यातले रताळेही अमेरिका खंडातूनच आले आणि आपल्या उपासात मानाने स्थिरावले. प्रश्न एकाच कंदाने सगळी जागा व्यापल्याचा आहे.)

आपल्याकडे बाजारात बाया वाट्याने माल विकतात. मिश्र कंदांचा असा वाटा, साफ केलेला, दोन किंवा चार माणसांच्या खतखत्याला पुरेल एवढा, सोबत सोले आणि तिरफळांची पुडी घालून, कार्तिक ते माघ या काळात महामंडळाच्या केंद्रांवर आणि बागायतदारांच्या सहकारी संस्थेच्या दुकानांत का मिळू नये? या सूचनेत मला केवळ ग्राहकाची सोय दिसत नाही. वाटा मिश्र असला की तो भरणाऱ्या गटाला सहा प्रकारचे कंद लावत राहावे लागतील. एकच प्रकार वाढवून त्यांचे भागणार नाही. म्हणजे विविधता टिकवण्याचे काम अनुदानावर किंवा एखाद्या प्रदर्शनावर अवलंबून न राहता रोजच्या विक्रीतच गुंतले जाईल. आधुनिक व्यापार नेमका याच्या उलट वागतो. त्याला एका आकाराचा, एका रंगाचा, प्रतवारी केलेला माल लागतो, आणि अशी मागणी दहा वर्षे टिकली की शेतात तोच एक प्रकार उरतो. अँडीज पर्वतातले शेतकरी एकाच शेतात बटाट्याच्या अनेक जाती मिसळून लावत आले, म्हणून तेथे बटाट्याचे हजारो प्रकार टिकले. पेरूमध्ये देशी बटाट्यांना शहरी बाजार मिळवून देण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत रंगीत जातींचे वेफर्स लोकप्रिय झाले. पण तेथेही कारखान्याला मोजक्याच जाती चालतात, हा धडा आपण आधीच घ्यायला हवा.

प्रक्रिया उद्योगाविषयी बोलताना म्हणूनच हात जरा आखडता घ्यावा असे मला वाटते. सुरणाचे काप, कणगीचे वेफर्स, पीठ, तयार मिश्रणे हे सगळे करता येईल आणि बचतगटांना त्यातून काम मिळेल. मात्र या पदार्थांत कंदाची ओळख फार लवकर पुसली जाते. तळलेला काप कोणत्या मातीतल्या कंदाचा आहे हे खाणाऱ्याला कळत नाही, आणि तेथे स्वस्त माल नेहमीच जिंकतो. आंध्र प्रदेशातून पुढे आलेली ‘गजेंद्र’ ही सुरणाची जात खाजत नाही, भरघोस येते, आणि ती परराज्यांतून गोव्याच्या बाजारात वर्षभर उपलब्ध असते. ती लावणाऱ्या शेतकऱ्याविषयी माझ्या मनात काहीच किल्मिष नाही. पण गोव्यात सुरणाच्या वेफर्सची मागणी वाढली तर ती तोच सुरण पुरवील, येथल्या कुळागरात सुपारीच्या सावलीत वाढणारा, चिंच किंवा सोलांच्या आंबटात शिजवल्याशिवाय घसा धरणारा गावठी सुरण नव्हे. मागणी वाढवली आणि मूळ स्थानाची खूण ठेवली नाही तर फायदा तिसऱ्याचाच होतो.

मूळ स्थानाची खूण म्हटले की भौगोलिक मानांकनाचा विषय निघतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये ते मिळाले, त्यानंतर खोल्याची मिरची, हरमलची मिरची, मयड्याची केळी, खाजे, मानकुराद आंबा, बेबिंक अशी यादी वाढत गेली आणि गोमंतकीयांना तिचा रास्त अभिमान आहे. कंदांसाठीही ते मिळवावे, अशी सूचना होत असते. त्याला विरोध करण्याचे कारण नाही, पण त्याने काय साधते आणि काय साधत नाही हे स्पष्ट असावे. मानांकन नावाचे रक्षण करते. बेणे कोणाकडे आहे, ते लावायला जमीन आहे का, आणि मानांकनाच्या कक्षेबाहेर राहिलेल्या पाच प्रकारांचे काय, या प्रश्नांना ते हात लावत नाही. एकाच कंदाला ते मिळाले तर उरलेल्यांची उपेक्षा वाढण्याचीही शक्यता आहे. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत वाड्यावाड्यावरच्या प्रकारांची नावे, ती लावणारी कुटुंबे, लागवडीची रीत आणि चव यांची नोंद होणे हे मला मानांकनाहून अधिक निकडीचे वाटते. जैवविविधता कायदा २००२ पासून आहे, त्याखाली पंचायत पातळीवर समित्या आहेत. अनेक ठिकाणी ही नोंदवही एकदाच भरून कपाटात ठेवली जाते, आणि तिच्यात ‘सुरण, कणगी इत्यादी’ एवढीच ओळ असते. त्या ‘इत्यादी’ मध्येच खरा ठेवा असतो.

संशोधन नाही म्हणून कंदपिके मागे पडली, असे म्हटले जाते तेही पूर्ण खरे नाही. बटाट्याइतके बळ त्यांना कधीच मिळाले नाही हे मान्य. परंतु तिरुवनंतपुरमची केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था १९६३ पासून काम करते आहे. शेजारी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण घोरकंद’, कणगराची म्हणजे कणगीची ‘कोकण कांचन’, करांद्याची ‘कोकण कालिका’ अशा जाती दिल्या आहेत. कोकणची आणि गोव्याची माती-पाऊस पुष्कळसा सारखा आहे. बेण्याची टंचाई कमी करण्याचे तंत्रही उपलब्ध आहे. घोरकंदाचा पंचवीस-तीस ग्रॅमचा लहान तुकडा सालीसह कापून रोपवाटिकेत फुटवायचा आणि मग शेतात लावायचा, या पद्धतीने एका कंदापासून पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेल मिळतात. ही पद्धत पश्चिम आफ्रिकेत विकसित झाली आणि आपल्या संस्थांनी ती येथल्या कंदांवर वापरून पाहिली आहे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने आणि कृषी खात्याने मिळून ती वाड्यावरच्या स्त्रियांच्या हाती दिली, तर प्रत्येक गावात बेण्याची छोटी रोपवाटिका उभी राहू शकते. माझा आग्रह एवढाच की त्या रोपवाटिकेत सुधारित जातीइतकीच जागा गावच्या प्रकारांना मिळावी, आणि तिचा कारभार बेणे सांभाळणाऱ्यांकडेच असावा. टोपलीतले बेणे विकण्याची पाळी येऊ नये म्हणून गटाकडे बेणेपेढी असावी: ज्याने पाच किलो नेले त्याने हंगामानंतर सहा किलो परत करावे. अशी देवघेव वाड्यावर तोंडी चालत आलेलीच आहे. तिला थोडे भांडवल आणि कोरडी जागा हवी.

पर्यटनाच्या बाजाराविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. फिलिपिन्समधला जांभळा ‘उबे’ हा घोरकंदाच्याच जातीचा कंद. तेथल्या स्थलांतरितांनी तो आपल्याबरोबर नेला, आणि आज अमेरिकेतल्या आइस्क्रीमच्या दुकानांत तो मिळतो. त्याच्यामागे घरोघरी होणाऱ्या एका गोड पदार्थाची परंपरा होती, म्हणून ते घडले. गोव्यातली हॉटेले पर्यटकांना गोमंतकीय म्हणून जे वाढतात त्यात मासळी, विंदालू आणि बेबिंक यांच्यापलीकडे क्वचितच काही असते. त्यांनी हंगामात उकडलेली काटेकणगी ओल्या खोबऱ्याबरोबर न्याहारीला द्यावी, करांद्याचे काप द्यावेत, खतखते द्यावे, आणि कंद कोणत्या गावचा ते लिहावे. वर्षभर एकसारखा पुरवठा मागू नये. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि मानकुराद दोन महिनेच असतो, हे गोव्यातला ग्राहक आणि हॉटेलमालक दोघेही समजून घेतात. कणगीचा हंगामही तसाच मानला तर शेतकऱ्यावर अवेळी कंद काढण्याचा दबाव येणार नाही. शाळांच्या माध्यान्ह आहाराचेही तेच. महिला मंडळे आणि बचतगट तो शिजवतात, पाव-भाजी हा त्यातला नेहमीचा पदार्थ आहे. हिवाळ्याच्या महिन्यांत आठवड्यातून एकदा त्या भाजीत बटाट्याऐवजी गावातला कंद पडला तर शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल आणि मुलांच्या जिभेला ती चव लागेल. दहा वर्षांनी बाजारात वाटा कोण घेणार, हे आज त्या मुलांच्या ताटात ठरते आहे.

आणि शेवटी जमीन, जिच्यावाचून वरचे काहीच उभे राहणार नाही. वेळीप, गावडा आणि कुणबी समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, २००६ मध्ये वनहक्क कायदा आला, आणि तरीही डोंगरउतारावर पिढ्यान्पिढ्या कंद लावणाऱ्या अनेक कुटुंबांचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळले. ज्या उतारावर उद्या आपण असू की नाही याची खात्री नाही, तेथे कोण कुंपण घालील, कोण माती अडवणारे बांध घालील? रानडुकरांचा उपद्रव हा कंद सोडून देण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणून शेतकरी सांगतात; सामूहिक सौर कुंपणासाठी मदत मागायला गेले की कागद मागितला जातो, आणि कागद नसतो. कुमेरी पद्धतीने जंगल तोडून शेती वाढवावी, असे मी सुचवत नाही. पडीक पडलेले मोरड म्हणजे उंचावरची शेतजमीन, कुळागरांच्या कडा, काजूच्या बागांमधल्या मोकळ्या जागा आणि घरामागची परसे एवढी जमीन आजही उपलब्ध आहे, आणि करांद्यासारखा वेल तर काजूच्या झाडावरही चढतो. पण हक्क निश्चित झाल्याखेरीज त्या जमिनीत कोणी आठ महिन्यांचे कष्ट पुरणार नाही.

पावसाच्या तोंडावर बेणे जमिनीत जाते. त्याआधी, म्हणजे फाल्गुन-चैत्रातच, सरकारने आणि सहकारी संस्थांनी पुढच्या हंगामात कोणते कंद, किती आणि कोणत्या किमान भावाने घेणार हे लेखी सांगितले, तर कुटुंबांना किती बेणे राखायचे ते ठरवता येईल. गणेशोत्सवात खरेदीची घोषणा करून काही उपयोग नाही. तोवर वेल मांडवावर चढलेले असतात आणि त्या वर्षापुरता निर्णय होऊन गेलेला असतो. काणकोण, केपे, सांगे आणि सत्तरी या चार तालुक्यांतल्या ग्रामसभांनी येत्या उन्हाळ्यात आपापल्या गावात बेणे राखणारी घरे कोणती, याची यादी करून ती महामंडळापुढे ठेवली, तर पहिला करार त्या घरांशी करता येईल.